आजीचं विरजण आणि शहाणा फ्रिज

वृंदाआजीचं विरजण मेलं, हे सोमवारी सकाळी कळलं. शिरीषआबांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, तर रात्री ठेवलेलं दूध तसंच. पातेलं तिरकं केलं, दूध इकडून तिकडे गेलं.

वृंदाआजी जाऊन चार महिने झाले होते. लग्न होऊन मिरजेला आली तेव्हा ती माहेरच्या दह्याची लोटी सोबत घेऊन आली होती. त्यातलं चमचाभर दही रात्री कोमट दुधात, उद्या त्या दह्यातलं चमचाभर पुढच्या दुधात, असं तिनं जन्मभर चालवलं. ती गेल्यावर आबांनीही त्यात खंड पडू दिला नाही. घरात तिचे फोटो होते, साड्या होत्या, चष्मा होता. पण तिच्या हातची जिवंत अशी ही एकच गोष्ट उरली होती.

"विरजण घालायला विसरलात का आबा?" जुईनं विचारलं. ही त्यांची सहावीतली नात, सुट्टीसाठी आली होती.

"म्हातारा झालोय, बावळट नाही झालो."

तेवढ्यात फ्रिज बोलला. सोसायटीतल्या प्रत्येक घरात बिल्डरनं हाच फ्रिज बसवून दिला होता आणि आतल्या प्रत्येक वाटीवर त्याची नजर असायची.

"सुप्रभात, शिरीष. काल पहाटेपासून आपली नवी स्वच्छता सुविधा सुरू झाली आहे. नोंदणी नसलेले सर्व सूक्ष्मजीव निष्क्रिय केले आहेत. दही लावायला आमच्या कंपनीची दहीवडी मागवू का?"

"शिरीष म्हणे. शाळेत माझ्या बाकावर बसायचा का हा?" आबा चिडले. "आणि मारून टाकलं असं सरळ म्हण ना. निष्क्रिय कसलं?"

"पण दह्यात मरण्यासारखं काय होतं?" जुईनं विचारलं.

आबांची सगळी नोकरी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली होती. राग आला तरी प्रश्नाचं उत्तर द्यायचं, ही त्यांची जुनी सवय.

"दह्यात जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे सजीव) असतात. ते दुधातली साखर खातात आणि दुग्धाम्ल (दही आंबट करणारं आम्ल) बाहेर टाकतात. त्या आम्लानं दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात. दूध घट्ट होतं, आपण म्हणतो दही लागलं. या शहाण्यानं आत अतिनील किरण (सूर्यप्रकाशातही असणारे, पण आपल्याला न दिसणारे किरण) सोडले. त्यांच्यामुळे जिवाणूंमधली गुणसूत्रं मोडतात. मग एकाचे दोन होणं थांबतं."

"मग दहीवडी घेऊ या?"

"तिनं दही एकदाच लागतं. त्या दह्यातलं विरजण पुढच्या दुधात घाल, दही लागणार नाही. त्या जिवाणूंना वाढायला एक खास पोषक द्रव्य लागतं. आपल्या दह्यातले जिवाणू ते स्वतः तयार करतात. कंपनीनं त्यांच्या जिवाणूंची ती ताकदच काढून टाकली आणि एका दह्यापुरतं द्रव्य वडीत घातलं. ते संपलं की पुन्हा दुकानात. अरे, दही फुकट वाढतं, हे यांना सहन होत नाही!"

"आपला रक्तदाब वाढलेला वाटतो," फ्रिज म्हणाला.

आबांनी त्याच्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला आणि वाटी घेऊन समोरच्या मुजावरकाकूंचं दार वाजवलं. वृंदाआजी सगळ्या मजल्याला विरजण द्यायची.

"माझंही गेलं, भाऊ," काकू म्हणाल्या. "खालच्या मजल्यावर पण तेच. माझ्या फ्रिजनं तर वर अभिनंदन केलं."

आबा रिकामी वाटी घेऊन परत आले. दुपारी त्यांनी वरणभात वाढला. तोंडी लावायला जुईनं कपाटातून सांडग्या मिरच्यांची बरणी काढली.

"आबा, या मिरच्या मागच्या उन्हाळ्यात आजीनं आणि मी भरल्या होत्या. आजीनं मसाला दह्यात कालवला होता."

"बरं, मग?"

"तिच्याच दह्यात. आणि बरणी फ्रिजमध्ये नव्हती."

"त्या गच्चीवर कडकडीत वाळवल्यात, जुई. मीठ आहे त्यात. काय जगणार?" आबांनी घास घेतला आणि चावता चावता थांबले. "थांब. काही जिवाणू वाळले की मरत नाहीत, सुप्तावस्थेत (हालचाल आणि वाढ थांबवून टिकून राहण्याच्या स्थितीत) जातात."

"पण उन्हातही अतिनील किरण असतात, आत्ताच म्हणालात."

"असतात. पण ते मिरचीच्या सालीतून आत फारसे शिरत नाहीत. पोटातल्या मसाल्यात सावलीच."

त्यांनी जेवण अर्धं सोडलं. दूध उकळलं, म्हणजे त्यातले दुसरे जिवाणू मरतात, आणि बोटाला सोसेल इतकं निवू दिलं. दोन मिरच्या चिरून आतला मसाला त्यात सोडला. पातेलं टॉवेलात गुंडाळायचं, तर टॉवेल फ्रिजच्या तोंडावर. तो काढावाच लागला.

"ओट्यावर अनोळखी पदार्थ आढळला आहे," फ्रिज लगेच म्हणाला.

"अनोळखी तू आहेस," आबा म्हणाले. "ते घरातलं आहे."

दुसऱ्या दिवशी पातेल्यात पाणचट, तिखट काहीतरी झालं होतं. जुईनं तोंड वाकडं केलं. आबांनी त्यातलं फक्त चमचाभर नव्या दुधात घातलं. "दुधात जे जोमानं वाढतात त्यांची संख्या दर वेळी वाढते, बाकीचे मागे पडतात. मीठमसालाही पातळ होत जातो." असं ते रोज करत राहिले आणि दही नीट लागत नाही म्हणून रोज पातेल्यावर ओरडत राहिले. शुक्रवारी दुपारी जुईनं पातेलं तिरकं केलं. आतलं हललं नाही.

आबांनी थेंबभर दही जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. ठिपक्यांच्या माळा दिसत होत्या, मध्येच काड्या.

"हे आजीचेच का?" जुईनं विचारलं.

"सांगता येत नाही. मिरचीच्या अंगावरही असे जिवाणू असतात. गुणसूत्रं तपासली तरी जुळवून बघायला आजीचं जुनं दही हवं, ते या शहाण्यानं मारलं. खाऊन बघ."

जुईनं खाल्लं. "थोडं तिखट आहे. पण आजीचंच."

"हा काही पुरावा नाही," आबा म्हणाले आणि वाटी पुसून खाल्ली. मग विरजणाचे दोन भाग केले. एक वाळवून बरणीत ठेवायचा, दुसरा रोजचा. दोन्ही फ्रिजच्या बाहेर.

जुईनं दही लागल्याचं सांगितलं, तशा संध्याकाळी मुजावरकाकू वाटी घेऊन आल्या. आबा चमचा घेऊन उठले, पण काकू दारातच थांबल्या. जुईनं नुकताच देवापाशी दिवा लावला होता.

"दिवेलागण झाली की वृंदावहिनी विरजण देत नव्हत्या," काकू म्हणाल्या. "सकाळी येते."

"त्याला काही शास्त्रीय आधार नाही. त्यावरून जन्मभर तिच्याशी वाद घातलाय मी. घेऊन जा."

"तुम्ही द्याल हो. मीच नेणार नाही."

आबांनी चमचा हातात धरून दिव्याकडे पाहिलं. "बरं. सकाळी," ते म्हणाले.

काकू वाटी तिथेच ठेवून गेल्या. जुईनं ती ओट्यावर, पातेल्याशेजारी ठेवली. खालच्या मजल्यावरच्या लोकांना अजून सांगितलेलं नव्हतं. त्यांनाही विरजण सकाळीच द्यायचं होतं.