गुणाजीच्या बांधावरची हजेरी

बस मनाली. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, पलंगावर बस. तीन जिने चढून आलीस, आधी पाणी पी. वाटेत कोणी भेटलं नसेल, भेटणार तरी कोण? चाळ पाडायची म्हणून सगळी बिऱ्हाडं हलली. कॉटन ग्रीनच्या या अख्ख्या मजल्यावर आता मी एकटीच. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडतो तो खालच्या ट्रकवाल्यांचा, आणि तोही शिव्यांचा.

काल फोनवर तू म्हणालीस, बाबांच्या पणजोबांचं नाव मनू गुणाजी, आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. गुणाजीच्या वंशातलं माझ्याशिवाय एक तरी माणूस जिवंत सापडावं म्हणून दीड वर्ष पायपीट केली मी, भेटेल त्याच्याकडे माझा नंबर ठेवला. घरात कोणाला मालवणीचा एक शब्दही येत नाही, असंही तू म्हणालीस. चालायचंच. सगळं सांगते तुला, पण घड्याळावर लक्ष ठेव. अकरा वाजलेत. आजची भरती दुपारी बारा दहाची आहे, आणि त्याआधी तुला इथून निघायचंय.

मी शाळेत शिकवायची. चौतीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली. घरी मी आणि माझा भाऊ दीपक, दोघेच. पितृपक्षात म्हाळ घातला की पितरांसमोर उभं राहून गाऱ्हाणं तो घालायचा, आणि मी मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायची. जन्मभर मला तेवढंच काम होतं. दोन वर्षांपूर्वी दीपक गेला. त्यानंतर मला नुसतं 'सुभद्रा' म्हणणारं कोणी उरलं नाही. शाळेतले बाई म्हणतात, भाजीवाला मावशी म्हणतो, बँकेत मॅडम म्हणतात. नाव असं वापराविना पडून राहिलं की माणसाला स्वतःचीच शंका यायला लागते, खरंच.

म्हणून वंशावळ लिहायला घेतली. आमचे लांबचे चुलते, नाना, वरळीच्या चाळीत राहायचे, आता तेही नाहीत. वय नव्वद, पण डोकं ताजं. गुणाजीबद्दल जे कळलं ते त्यांच्याकडूनच. हा आपला मूळपुरुष मालवणाकडून गलबतात बसून आला. तेव्हा इथे गोदामं नव्हती, गोदी नव्हती. भरतीला बुडणारं खाजण होतं, फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही असं. गुणाजीने दगडमातीचा बांध घालून समुद्र बाहेर ठेवला. तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धुतलं जाऊ दिलं आणि चौथ्या वर्षी भात काढलं. ही चाळ उभी आहे ती त्या बांधावरच, असं नाना म्हणायचे.

उधाणाची भरती आली की बांध राखावा लागे. गुणाजी पाणी सोडायच्या दारापाशी उभा राही आणि तिघे मुलगे बांधावर लांब लांब, एकमेकांना दिसणारही नाहीत असे. मग तो एकेकाला नावाने हाक मारी. धोंडू, दौलत, मनू. 'व्हय' असं उत्तर आलं की त्या जागी बांध शाबूत. एका अमावास्येला मनूचं उत्तर आलं नाही. बांध तिथेच फुटला होता. धोंडू आणि दौलत पाण्यात गेले. धोंडूचं तान्हं मूल घरी होतं, म्हणून पुढे नाना झाले, मी झाले. गुणाजी मात्र ओहोटी लागेपर्यंत मनूला हाका मारत राहिला.

हे सांगून झाल्यावर नानांनी माझ्या हातातली वंशावळ घेतली आणि तीन नावांवर बोट ठेवलं.

"गो बाय, ह्या तिघांची नावां म्हाळात घेऊची नाय. गुणाजीनच तसा सांगून ठेवल्यान."

मी मान डोलावली. पण नाव गाळलं की हजेरी अपुरी, हे माझ्या हाडात मुरलेलं. एवढी शोधून काढलेली माणसं, त्यांना पान वाढायचं आणि नावाने बोलवायचं नाही, हे मला पटेना. तिथेच चुकलं माझं.

गेल्या सर्वपित्रीला भर दुपारी पानं मांडली. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. दीपकच्या जागी उभी राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्यानंतर सवयीने थांबत होते, पण मागून व्हय म्हणणारं कोणी नव्हतं. रडू आलं मला. तसंच रेटलं आणि कागदावरची नावं वाचायला लागले.

रस्त्यावरचा आवाज बंद झाला. मोरीकडून खारट चिखलाचा वास यायला लागला.

"धोंडू..." मी म्हणाले.

"व्हय..." मोरीच्या बाजूने, अगदी जमिनीलगत.

मी वाचत राहिले, कारण मध्येच थांबायची मला सवय नाही. दौलतचं 'व्हय' गॅलरीच्या टोकाकडून आलं. मनूचं आलं नाही. वर्गात करायची तसं दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. काही नाही. नुसतं पाणी चुबकत होतं कुठेतरी, तिसऱ्या मजल्यावर. मग फार लांबून कोणा म्हाताऱ्या माणसाची दमलेली हाक आली.

"सुभद्रा..."

मी भ्याले होते. पण दीड वर्षाने कोणीतरी माझं नाव घेतलं होतं, मनाली.

"व्हय," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मनूची जागा माझी. त्यानंतर चार अमावास्या गेल्या, आज पाचवी. भरतीच्या वेळी हजेरी होते. धोंडू, दौलत, मग मी. या माझ्या पोटऱ्या बघ. हा पांढरा पट्टा दिसतो ना, तो मिठाचा आहे. धुतला तरी दुसऱ्या दिवशी तिथेच असतो. चाळीतल्यांना वाटतं म्हातारी हट्टाला पेटली, घर सोडत नाही. त्यांना काय सांगू? मी इथून हलले तर बांध फुटेल, असं मला खरोखर वाटायला लागलंय.

मागच्या अमावास्येला मी व्हय म्हटल्यावर आणखी एक नाव पुकारलं गेलं. तीनदा. मनाली. या नावाचं कोणी मला ठाऊक नव्हतं. उत्तर आलं नाही आणि पाणी ओसरलं. काल तुझा फोन आला तेव्हा उलगडा झाला. मनू बुडाला नव्हता. जागा सोडून पळाला होता, आणि तू त्याची.

आज अमावास्या आहे हे मला काल ठाऊक होतं. उद्या नको, परवा ये, असं अगदी ओठावर आलं होतं. पण म्हणाले नाही. खोटं कशाला बोलू, मला माणूस हवं होतं. रक्ताचं, समोर बसून चहा पिणारं, आत्या म्हणणारं. आता तुला पाहिलं आणि स्वतःची लाज वाटते गं.

पावणेबारा झाले. ऊठ. चहा राहिला तर राहू दे. सरळ जिना उतर आणि स्टेशन गाठ. मागून नावाने हाक आली, अगदी माझ्या आवाजात आली, तरी तोंड उघडू नकोस. मी आहे इथे. माझ्या जागेवर मी पुरेशी आहे. भरतीला अजून पंचवीस मिनिटं आहेत, घाबरू नकोस. पर्स घे तुझी.

अशी दाराकडे काय बघतेस?

मनाली... तू आत्ता 'व्हय' कोणाला म्हणालीस?

मी तर तुला काहीच विचारलं नव्हतं.