नाक नसलेली पाहुणी

सुक्या मासळीच्या त्या गल्लीत शिरताना पाहुणे नाकाला रुमाल लावत. ती मात्र कोळंबीच्या टोपलीवर इतकी वाकली, की दुकानदार तरुणाला राहवलं नाही.

"मासळी घ्यायचीय... की तिच्या कानात काही सांगायचंय?"

ती ओशाळली. मग का कोण जाणे, खरं ते सांगून बसली. अत्तराच्या कारखान्यात ती वास पारखायची. तापात वासच गेला. उग्र वास हुंगत राहा, परत येईल, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ती किनाऱ्यावर मावशीकडे आली होती. कारखाना तरी किती थांबणार?

"माझ्या दुकानात वास न येणं हा गुणच आहे," तो म्हणाला, आणि वाळलेलं माकूल तिच्या नाकाशी धरलं. काहीच नाही.

मग ती रोज यायला लागली. तो काही ना काही हुंगायला द्यायचा, ती मान हलवायची. बोटांना बोटं लागायची... आणि दोघंही उगाच टोपल्यांकडे बघायची. घरी मात्र तिचा पाय ठरेना. गच्चीवर जायची, खाली यायची, ताटावरून अर्ध्यात उठायची. मावशीने एकदा विचारलंच, की भिंगरी पायाला लागलीय की मनाला?

एका दुपारी अचानक आभाळ भरून आलं. चटयांवरची मासळी दोघांनी मिळून घाईघाईने आत घेतली. शेवटची टोपली कलंडली, आणि तिने झटकन नाक मुरडलं.

तो थबकला. "वास आला?"

"हो."

"आत्ता?"

ती चटईची कड चाचपत राहिली. "...परवापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर काल कुठलं निमित्त काढून आले असते?"

त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच विरलं. तो दोन पावलं मागे सरकला. "मग लांबच उभ्या राहा. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो."

"येतो," ती म्हणाली, आणि सरकलेलं अंतर तिने शांतपणे भरून काढलं. "उद्याची गाडी आहे माझी. कामावर जावंच लागेल. पण कुणी ये म्हटलं, तर सुट्टीत परत येईन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तरी येईन. फक्त रागावून येईन."

बाहेर थेंब पडायला लागले होते.

"ये," तो म्हणाला. "न रागावता ये."