निळी ज्योत कुठे गेली?

"काका, थांबा! फेकू नका!"

चष्मिस धावत आली. तिच्यामागे वकील, आणि त्याच्यामागे अर्थातच शेपूट! सुट्टीत मावशीकडे आलेली ही तिघं भावंडं सकाळपासून तिच्या प्रयोगाच्या शेडमध्ये होती.

सुपरवायझर काकांच्या हातातल्या टोपलीत राखाडी मणी होते. मावशीने वर्षानुवर्षं खपून बनवलेला उत्प्रेरक! भट्टीत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या तापल्या की चिकट, डांबरी धूर निघे. तो या तापलेल्या मण्यांवरून गेला की त्याचा स्वच्छ गॅस होई आणि निळ्या ज्योतीने जळे. पण आठवडाभर ज्योत पिवळी होती, काजळी ओकत होती.

"मणी संपले," काका म्हणाले. "संध्याकाळी प्रयोगाला पैसे देणाऱ्या मोठ्या बाई येतील आणि प्रयोगच बंद करतील."

"संपतील कसे?" वकिलाने हरकत घेतली. "उत्प्रेरक खर्च होत नाही. पुस्तकात आहे!"

"खर्च होत नाही रे, पण त्याला विषबाधा होते," मावशी थकून म्हणाली. "गंधक त्याला चिकटून बसतं. पण लाकडाच्या भुशात इतकं गंधक येईल कुठून?"

चष्मिस तिच्या हाताकडे बघत होती. "मावशी, तुझी चांदीची अंगठी काळी कशी पडली?"

मावशी दचकली. भट्टीतला गॅस पाण्यातून सोडून धुवत आणि त्या पाण्यात तिचा हात रोज जायचा. "अगं, चांदी काळी पडते ती गंधकानेच!"

म्हणजे गंधक भट्टीत जात होतं! तिघं गोदामात पळाली, मागोमाग मावशी आणि काका. पोत्यांतल्या सगळ्या कांड्या दिसायला सारख्याच. शेपटाने एक कांडी मोडून हुंगली.

"लसूण!"

"तुला सारखं खाणंच सुचतं!"

"तूच हुंग ना!"

वकिलाने हुंगलं आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही.

काका कान खाजवू लागले. "भुसा कमी पडला होता. मसाल्याच्या कारखान्यातून लसणाची सालपटं मिळाली, ती दळून मिसळली. कचरा तो कचरा!"

"काका, लसणाचा तो उग्र वास गंधकाचाच!" मावशीने कपाळाला हात लावला.

मणी परत आत गेले. चिकटलेलं गंधक सुटावं म्हणून मावशीने ते तापवून त्यांवरून बराच वेळ वाफ सोडली. मग भट्टीत निव्वळ भुशाच्या कांड्या पडल्या. मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या, तेव्हाही ज्योत पिवळीच होती. मग ती फडफडली, कडेने निळसर झाली... आणि पूर्ण निळी!

"शाब्बास!" सगळं ऐकून मोठ्या बाई तिघांना म्हणाल्या. "तुमच्यासारखं बघणारं आणि हुंगणारं कोणीतरी हवंच इथे. प्रयोग चालू राहील."

काका हळूच आपला डबा उचलून दाराबाहेर ठेवायला निघाले.

"काय झालं, काका?" चष्मिसने विचारलं.

"आजच्या भाजीत लसूण आहे गं!"