काढून टाकलेला आवाज

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी समजावी.

आणि ही रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

साल २०१०, एप्रिलचा पहिला आठवडा. जागा लातूर, ट्यूशनवाल्या भागातली, एका झेरॉक्सच्या दुकानावरची माझी खोली.

माझं नाव प्रेम. त्या खोलीत माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखाही बंद. एके काळी इथे भीमगीतं व्हायची. मग लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले आणि मी रिक्षावरच्या जाहिराती करायला लागलो. 'प्रवेश सुरू, जागा मर्यादित' हे वाक्य इतक्या सरांच्या आवाजात ऐकलंय की कान किटलेत.

पण काय करणार, घर त्यावरच चालतं.

माझा कॉम्प्युटर जुना होता. दोन आवाज एकत्र केले की बंद पडायचा. नवीन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चढेना. शेवटी बसवंतला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीत त्याचा हात चांगला.

"प्रेमभाऊ, हा डबा फेकून द्या," तो म्हणाला. "न्हाईतर आतलं सगळं बदलावं लागतंय."

"बदल," मी म्हणालो. "डबा राहू दे."

त्याने रॅम वाढवली, हार्डडिस्क नवी टाकली, साउंड कार्ड बदललं. वीज होती तोवर काम, गेली की चहा. असं करत करत एकदाचं ते सॉफ्टवेअर सुरू झालं.

जाताना बसवंतने एक गोष्ट शिकवली. टेपची खरखर काढायची असेल तर ज्यात कुणीच बोलत नाही असा एक रिकामा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा. ते तेवढा आवाज ओळखतं आणि सगळ्या गाण्यातून काढून टाकतं. काय काढलं तेही ऐकता येतं. त्याचं वेगळं बटण आहे.

"ते कशाला ऐकायचं?" मी विचारलं.

"कुणी ऐकत न्हाई," बसवंत म्हणाला.

खरं सांगायचं तर एवढा सगळा खटाटोप मी क्लासवाल्यांसाठी केलाच नव्हता. एका कॅसेटसाठी केला होता.

माझी धाकटी बहीण सिंधु त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपात गेली. आमचं गाव निलंग्याकडचं. नाव मुद्दाम सांगत नाही. मी तेव्हा नांदेडला आयटीआय करत होतो. मला कावीळ झाली, म्हणून माय माझ्याजवळ येऊन राहिली होती. शेळ्यांपाशी कुणीतरी हवं म्हणून सिंधु घरी थांबली.

पहाटे घराचं मातीचं माळवद खाली आलं.

त्याच वर्षीच्या भीमजयंतीला वस्तीतल्या बायांनी बाबासाहेबांचा पाळणा म्हटला होता. पुढे सिंधु, मागे बाकीच्या. कुणीतरी तो टेप केला होता. तिच्या आवाजाची तेवढी एकच खूण आमच्याकडे राहिली. वाजवून वाजवून ती कॅसेट पार झिजली होती. यंदाच्या जयंतीला गावात ती लाउडस्पीकरवर लावायची, एवढंच मायचं मागणं होतं.

माझ्या मायचं नाव सुमनबाई. तिने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. फक्त एक प्रश्न ती अधूनमधून विचारायची.

"तिनं हाक मारली असंल का रे?"

आमच्या भागात एक रीत पडून गेली आहे. भूकंपात गेलेल्या माणसाबद्दल कुणी विचारलं की सगळे एकच उत्तर देतात. झोपेत गेला. काही कळलंच नाही त्याला. मग पुढे कुणी विचारत नाही. सिंधुबद्दलही आम्हाला वस्तीने हेच सांगितलं. मीही मायला दर वेळी हेच सांगायचो.

त्या दुपारी माय शेजारी स्टुलावर बसली होती. वीज होती. खाली झेरॉक्सचं मशीनही थांबलेलं. मी कॅसेट लावली आणि पाळणा कॉम्प्युटरमध्ये घेतला.

सिंधुचा आवाज आला. खरखरीतून, पण आला. माय ओठातल्या ओठात म्हणत होती.

गाणं सुरू व्हायच्या आधी टेप थोडी रिकामी फिरत होती. तो तुकडा मी सॉफ्टवेअरला दाखवला. बटण दाबलं. नव्या रॅमने काम पटकन केलं.

पाळणा लावला.

एकदम स्वच्छ. ढोलकी, टाळ्या, एकेका बाईचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

माय पुढे वाकली.

"प्रेम... ह्यात सिंधु कुटं हाय?"

मी पुन्हा लावला. सगळ्या बाया होत्या. प्रत्येक ओळीच्या आधी एक मोकळी जागा होती... जिथे सिंधु एकटी म्हणायची, तिथे कुणीच नव्हतं. मग मागच्या बाया तिची ओळ उचलायच्या.

सॉफ्टवेअरने घोळ केला, मी म्हणालो. केलेलं सगळं मागे घेतलं. खरखर परत आली.

सिंधु आली नाही.

मग मी कॅसेट पुन्हा टेपवर लावली. कॉम्प्युटरशी संबंध नाही, नुसती टेप. कॅसेटच्या मागच्या खिट्ट्या कधीच मोडून ठेवलेल्या, त्यामुळे तिच्यावर काही भरता येत नाही, पुसता येत नाही. शिवाय तारेतून आवाज कॉम्प्युटरकडे जातो, उलटा येत नाही. एवढं तर मला कळतं.

टेप फिरत राहिली.

ढोलकी... टाळ्या... मोकळी जागा.

मायचा हात माझ्या खांद्यावर होता. तो गार पडला होता. एप्रिलमध्ये, लातुरात, बंद खोलीत.

मग मला ते दुसरं बटण आठवलं. मी हेडफोन लावला आणि काढून टाकलेला आवाज सुरू केला.

आधी नुसती खरखर.

मग... माती सरकावी तसा आवाज.

मग सिंधु. ती गात नव्हती.

"माय..."

थोडा वेळ काही नाही.

"माय... ए माय..."

पाळणा संपतो तिथे फाइल संपायला हवी होती. पडद्यावरची रेघ शेवटाला जाऊन थांबली. हेडफोनमध्ये आवाज चालूच होता. ओरडणं नव्हतं. दमलेल्या पोरीने निजल्या जागेवरून पाणी मागावं तशी हाक. मध्ये थांबायची, पुन्हा मारायची. मला ते ऐकवत नव्हतं आणि हेडफोन काढवतही नव्हता.

"काय ऐकू यायलंय?" मायने विचारलं.

"काही नाही. खरखर."

"दे इकडं."

"माय, नको. मशीनचा आवाज आहे नुसता."

तिने हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून घेतला. मी थांबवलं नाही. तिच्यापुढे माझं कधी चाललं नाही.

ती ऐकत बसली. बराच वेळ. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. वीज गेली, पडदा काळा झाला, तरी तिने हेडफोन काढला नाही. कॉम्प्युटर बंद होता. इन्व्हर्टर माझ्याकडे नाही.

ती तरीही ऐकत होती.

शेवटी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पदर डोक्यावर घेतला.

"हाव," ती म्हणाली. "नुसती खरखर हाय."

मी रडलो. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने गावाला निघून गेली. जयंतीला मीही गावी गेलो. बायांनी पाळणा तोंडीच म्हटला. मी लातूरला परत आलो, ती आली नाही. पुनर्वसनातल्या घरात राहते. दुपार झाली की जुन्या गावात जाते. तिथे आता काही नाही. दगडांचे ढीग आणि बाभळी.

"उन्हातान्हाचं कशाला जातेस?" मी फोनवर विचारलं.

"बसते जरा," ती म्हणाली.

जूनमध्ये क्लासवाल्यांची गर्दी उसळली. एका सरांची जाहिरात साफ करत होतो. दुपारच होती. रिकामा तुकडा दाखवला, खरखर काढली. आणि मला काय सुचलं कोण जाणे, ते बटण दाबलं.

खरखर.

सिंधु नव्हती. मला हायसं वाटलं.

मग...

"आले गं... आले..."

तो मायचा आवाज होता.

मी एका कानावर हेडफोन धरून दुसऱ्या कानाला मोबाइल लावला. रिंग वाजत राहिली. मायने फोन उचलला.

"बोल," ती म्हणाली. धापा टाकत होती.

"माय, कुठे आहेस?"

"बसलेय इथं. बाभळीखाली. सिंधु आता गप हाय."

एका कानात माय माझ्याशी बोलत होती. दुसऱ्या कानात मायच म्हणत होती, आले... आले... आणि तो आवाज लांब लांब जात होता.

"माय, मी येतो. आत्ता निघतो. तुला घेऊन जातो."

बाभळीतला वारा ऐकू येत होता.

"तू येऊ नको," ती म्हणाली. "कुणी बी हाक मारली... माझ्या आवाजात मारली, तरी येऊ नको."

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. माय जिवंत आहे. मी रोज सकाळी फोन करतो, ती उचलते, भाजी काय केली ते सांगते. मी लातूर सोडून गावाकडे गेलेलो नाही.

जाहिराती आता दुपारच्या आत उरकतो. खरखर काढत नाही. सर लोक तक्रार करतात, करू देत.