मना

लिफ्ट बंद होती, म्हणून आमची भेट झाली. साकीनाक्याच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी दम खात बसले होते आणि एक उंच मुलगा माझ्याच पायरीवर येऊन टेकला. "चौथा मजला कुठे पळून नाही जात," तो म्हणाला. हा ॲश्टन, मरोळ गावठाणातला. जुन्या सिनेमांचा आवाज साफ करायचा. मी गंधाली, त्याच सिनेमांना मराठी सबटायटल्स लिहायची. दहा वर्षं दुसऱ्यांचे संवाद लिहून आणि घरी कांदेपोह्यांचे कार्यक्रम करून मी पार थकले होते.

तीन महिने आम्ही एकच कृष्णधवल हिंदी रहस्यपट घासत होतो. नायक देखणा, पण आमचा जीव जडला तो एका खबऱ्यावर. श्रेयनामावलीत अगदी शेवटचं नाव – रोझारिओ. सहा मिनिटांची भूमिका. सुजलेले डोळे, ढगळ कोट... क्लबातल्या गायिकेच्या सिगारेटसाठी काडी ओढायचा, आणि तिने दुसऱ्याच्या लायटरकडे मान वळवली की आपली काडी बोटं भाजेपर्यंत धरून ठेवायचा. शेवटी तिच्यासाठी गोळी खातो. ती विचारते, "तुम्हें क्या चाहिए?" तो पुटपुटतो, "मना..." आणि संपतो. हिंदीत मना म्हणजे मनाई, म्हणून मी लिहिलं होतं – 'नको.'

शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवसापासून ॲश्टन सांताक्रूझच्या स्टुडिओत जाणार होता. ट्रॅफिक बघता ते परदेशच. आदल्या शुक्रवारी जिन्यात मी धीर करून विचारलंही होतं, "पुढचं कामही एकत्र करायचं का रे?" तो "मना..." एवढंच म्हणाला आणि त्याचा फोन वाजला. मनाई तर मनाई. मी पुन्हा विचारलं नाही.

"गंधाली, हे चुकलंय," हेडफोन देत तो म्हणाला. "खरखर काढलीये. ऐक आता."

"मना. म्हणजे नकोच ना?"

"हिंदीत गं. पण हा रोझारिओ आमच्यातलाच दिसतोय, आणि आमच्या गावठाणात मना म्हणजे मला. मरताना कुठली हिंदी सुचतेय? घाबरलं की घरचीच बोली तोंडात येते."

मी पुन्हा पाहिलं. तो नकार देत नव्हताच. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होता, आणि वाक्य पुरं करायला वेळ उरला नव्हता. 'नको' खोडून मी 'मला...' लिहिलं. डोळे भरून आले. आणि एकदम शुक्रवार आठवला.

"ॲश्टन... त्या दिवशी जिन्यात तू कुठल्या भाषेत बोललास?"

तो कानापर्यंत लाल झाला. "घाबरलो होतो यार."

"मग फोन ठेवल्यावर वाक्य पुरं करायचं ना, बावळटा!"

"तू चेहराच असा केलास... म्हटलं, वाट लागली."

"थकलेय रे मी. माझा चेहरा असाच असतो."

"माहितीये," तो म्हणाला. मग हेडफोनची वायर गुंडाळू लागला. "मना... मना तू आवडतेस. अशीच. थकलेली."

दहा वर्षं इतरांच्या तोंडी प्रेम लिहिणारी मी, स्वतःचं वाक्य शोधत पर्स उचलून त्याच्याबरोबर निघाले. लिफ्ट अजून बंदच होती. तिसऱ्या मजल्यावर, त्याच पायरीवर मी बसले, त्याला बाही धरून शेजारी ओढलं आणि म्हटलं –

"मना पण."