जुळलेलं चुकीचं उत्तर

त्यांची पहिली भेट झाली ती त्रिकोणाच्या एका कोनामुळे. तिच्या मते तो चौऱ्याऐंशी अंशांचा होता, त्याच्या मते नव्वद.

शाळेच्या गणितांची पायरीपायरीने उत्तरं देणारी पुस्तकं काढणाऱ्या त्या कचेरीत एक नियम होता. प्रत्येक उदाहरण दोघांनी सोडवायचं, दोन वेगळ्या मजल्यांवर, एकमेकांना न विचारता. उत्तरं जुळली की पान छपाईला. नाही जुळली, तर दोघांनी मधल्या खोलीत समोरासमोर बसून चूक शोधायची. म्हणून तिला सगळे ‘वरची’ म्हणत, आणि नव्याने आलेल्या तरुणाला ‘खालचा’.

“हा नव्वद कुठून आणलात?” वरचीने विचारलं.

“आकृतीत दिसतोय की.”

“दिसण्यावर जायचं नाही. उदाहरणात दिलंय तेवढंच खरं मानायचं.”

“दिसायला छान होता… म्हणून विश्वास टाकला,” तो म्हणाला. बघत मात्र तो त्रिकोणाकडे नव्हता.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग त्याने ते उदाहरण पुन्हा सोडवलं, एका ओळीत एकच पायरी, शांतपणे. दोन-दोन पायऱ्या गिळून उत्तरावर उडी मारणारी ती, त्या दिवशी हनुवटीवर हात ठेवून बघत राहिली. खोडरबरचा चुरा तो फुंकत नव्हता. तिच्या बाजूला उडू नये म्हणून तळहाताने हळूच स्वतःकडे ओढून घेत होता. एवढ्याशा गोष्टीवर माणूस आवडतो का? तिला आवडला.

प्रेमात माणसं कविता करतात म्हणे. ही चुका करायला लागली. कधी वजाचं अधिक, कधी कंसाबाहेर राहिलेला दोन. उत्तरं जुळायची नाहीत, मधली खोली उघडायची, आणि चूक सापडायला चांगला तासभर लागायचा. घरी ताईने एकदा विचारलंच, गणितं सोडवायला रोज कानातलं बदलावं लागतं का? 

पण कचेरी चालवणाऱ्या मोठ्या सरांच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. त्यांनी तिला बोलावून बजावलं, की आणखी एक चूक झाली तर उत्तरं लिहिणं बंद, पुढच्या खोलीत बसून पार्सलं बांधायची. हे काम तिचा जीव की प्राण होतं. ती ताळ्यावर आली. उत्तरं मुकाट जुळू लागली, मधल्या खोलीला कुलूप लागलं, आणि तिचं जेवणावरून मन उडालं.

पुस्तकाचा शेवटचा धडा आला, तेव्हा कळलं की हे पुस्तक संपलं की खालच्याला दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवणार आहेत. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. समोर उदाहरण होतं: क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष. उत्तरं दोन, शून्य आणि पाच. दोन्ही बाजूंना क्षने भागलं की शून्य गुपचूप निसटतं आणि पाच तेवढा उरतो. चुकायचंच तर शोभेल असं चुकावं! तिने भागलं, पाच लिहिलं, आणि मधल्या खोलीच्या बोलावण्याची वाट बघत बसली.

बोलावणं आलं नाही. निरोप आला, उत्तर जुळलं, पान छपाईला गेलं.

गप्प राहिली तर नोकरी शाबूत होती. पण मुलं हेच पान बघून परीक्षेत एकच उत्तर लिहिणार, आणि गुण त्यांचे जाणार. ती उठली आणि तडक सरांच्या खोलीत गेली.

तिथे खालचा आधीच उभा होता. “शून्य मी मुद्दाम सोडलं, सर,” तो सांगत होता. “वरून बरोबर उत्तर येईल, म्हणजे जुळणार नाही, असं वाटलं होतं…”

“वरूनही मुद्दामच सोडलंय,” ती दारातून म्हणाली.

सरांनी आधी फोन करून छपाई थांबवली. मग चष्मा काढून दोघांना कारण विचारलं. तो बूट न्याहाळत राहिला. तिला मात्र पायऱ्यांचा धीर कधीच नव्हता.

“यांना समोर बसलेलं बघायचं होतं,” ती म्हणाली. “दुसरा रस्ता नव्हता.”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, पार्सलांचं राहू दे, शाखेचंही बघू. पण नात्यातली माणसं इथे एका पुस्तकावर ठेवत नाहीत, कारण ती एकमेकांच्या चुका पोटात घालतात. तसं काही असेल तर आत्ताच सांगा, एकाला भूगोलावर टाकतो.

खालचा तिच्याकडे वळला.

“भूगोल मी घेईन,” तो म्हणाला. “पण आधी तू सांग… तसं काही आहे?”

‘तू’ तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

“आहे,” ती म्हणाली. “माझ्याकडून तरी.”

“माझ्याकडून त्या नव्वद अंशांपासून आहे,” तो म्हणाला, आणि सरांनी त्याच्या हातात भूगोलाचं पुस्तक ठेवलं.