शेवटच्या सात हिवाळ्यांचा बर्फ

राखणदारांची लेक आली ती वह्यांचं गाठोडं छातीशी धरूनच. बसा म्हणायच्या आत म्हणाली, "माझे वडील खोटारडे नव्हते."

भावोजी शेगडीत कोळसे सारत होते. ते चिमटा हातात धरून तसेच राहिले. वहिनींनी मात्र आधी चहाचा कप पुढे केला. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं बांध आणि भिंती मोजून त्या निवृत्त झाल्या, तेव्हापासून लोक न सुटणारी कोडी त्यांच्याकडे आणत. धाकटा दीर म्हणून भावोजी सोबतीला. औषधांचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांनाही दुसरा उद्योग नव्हता.

"कोण म्हणतं खोटारडे?" वहिनींनी विचारलं.

"हवामान खातं. वडील दीपगृहाचे राखणदार होते, आता हयात नाहीत. हिवाळ्यात रोज बाराच्या ठोक्याला मनोऱ्यावर चढायचे, समुद्रावरचा बर्फ कुठवर आलाय ते पाहून लिहायचे. एकेचाळीस वर्षं. आता सोमवारी समिती बसणार आणि त्या सगळ्या नोंदींवर शिक्का मारणार: बनावट."

"आईंचं काय म्हणणं?"

"तिला कळूच दिलेलं नाही. ऐंशी उलटलीय. हे ऐकलं तर हाय खाईल."

वहिनी वह्या चाळू लागल्या. चौतीस वर्षं शाईने, शेवटची सात पेन्सिलीने. अक्षर एकच, खाडाखोड कुठेच नाही.

भावोजी खांद्यावरून डोकावले. "आधी 'पातळ थर', 'तुकडे' असं लिहिलंय. आणि इथे बघा, 'साय धरली', 'ताटल्या झाल्या'. भुकेल्या पोटी लिहीत होते वाटतं!"

"हवा किती स्वच्छ, त्या रकान्यात काय आहे?"

"शाईत 'काळा खडक स्पष्ट'. पेन्सिलीत 'लाल बोया स्पष्ट'. पाण्यावर तरंगणारी खूण ती. काय फरक पडतो?"

वहिनींनी पुढचं पान उलटलं. वहीतून एक फोटो खाली पडला. राखणदार खुर्चीत ताठ बसलेले, अंगात जाड कोट, पाठीमागे लख्ख ऊन.

"शेवटच्या उन्हाळ्यातला," लेक म्हणाली. "मी परमुलखात शाळेत शिकवायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीतच यायचे. तेव्हा असे बसलेले असायचे. नुसता रुबाब! माझ्या लग्नालाही आले नाहीत. हिवाळ्यातलं लग्न ना, नोंद चुकेल म्हणाले." तिने फोटो परत वहीत ठेवला. मग पुन्हा म्हणाली, "तरी खोटारडे नव्हते."

*

आरोप करणारे संशोधक तरुण होते आणि अगदी सभ्य. भावोजींची निराशाच झाली.

"शेजारच्या बंदराच्या नोंदींशी यांच्या नोंदी चौतीस वर्षं जुळतात," ते म्हणाले. "मग एका हिवाळ्यापासून यांचा बर्फ सहा दिवस उशिरा येतो आणि सहा दिवस लवकर जातो. सातही वर्षं तसंच. वर पेन्सिल! खोडता यावं म्हणूनच ना?"

"पण कुठे खोडलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "सहा दिवसांनी इतकं काय बिघडतं हो?"

"खूप बिघडतं. बर्फ म्हणजे समुद्रावरची पांढरी चादर. ती ऊन परत पाठवते. चादर आकसली की खालचं काळं पाणी ऊन पिऊन घेतं, तापतं आणि उरलेला बर्फही खातं. त्याचे परिणाम दूरवरच्या हवेपर्यंत पोचतात. उपग्रहांची चित्रं अलीकडची. त्याआधीचं सांगायला असल्या वह्याच आहेत. बर्फ घटतोय यात शंका नाही, बाई. पण एक वही खोटी निघाली तर लोक खऱ्या शंभर वह्यांकडे बोट दाखवतील. म्हणून तर मी कठोर झालोय."

"बरोबर आहे तुमचं," वहिनी मनापासून म्हणाल्या.

बाहेर आल्यावर भावोजी फणफणले. "आपण कुणाच्या बाजूचे?"

"खऱ्याच्या. तेही खऱ्याच्याच बाजूचे आहेत, म्हणून तर काम सोपं आहे."

राखणदारांचा जुना मदतनीस बंदराच्या कचेरीत कारकून होता. कानावर पेन्सिल खोचलेली. भावोजींनी वहिनींना कोपराने ढोसलं.

"पहाऱ्यावर डुलकी लागली म्हणून माझी बदली करवली त्यांनी," मदतनीस म्हणाला. "आणि स्वतः? दिवा विजेवर गेला, बटण खाली आलं, मग कशाला चढतायत! बाराला मनोऱ्यावर माणूस दिसला की आम्ही इथे घड्याळं लावायचो. शेवटची सात वर्षं एकदाही कुणी दिसलं नाही. शपथेवर सांगतो."

"दिवा लागायचा?"

"लागायचा. खोटं कशाला बोलू? रोज, वेळेवर."

रस्त्यावर येताच भावोजींनी निकाल दिला. "यानेच वह्या बदलल्या! कानावर पेन्सिल होती, वहिनी!"

"तुमच्या खिशातही आहे, भावोजी."

*

मनोऱ्याला एकशे बासष्ट पायऱ्या. वर पोचेपर्यंत भावोजींचा भाता झाला होता. पण समोर समुद्र असा पसरला होता की दम लागल्याचं ते विसरले. क्षितिजाच्या अलीकडे एक काळा ठिपका होता.

"काळा खडक," लेक म्हणाली. "वीस किलोमीटरवर. पाण्याबाहेर जेमतेम डोकं काढतो."

खाली राखणदारांचं घर होतं. मनोऱ्याखालची ती दोन खोल्यांची जागा दीपगृह खात्याने त्यांच्या पत्नीला, आजींना, भाड्याने दिली होती. स्वयंपाकघरात खिडकीशी एक पलंग होता. भावोजींचा गुडघा त्यावर आपटला.

"अग आई गं! गादी नाही यावर?"

"नाही, नुसत्या फळ्याच आहेत," आजी म्हणाल्या आणि बटाटे सोलत राहिल्या. सोलता सोलता त्यांनी खिडकीबाहेर नजर टाकली. "आज साय धरलीय. वारा पडला तर परवापर्यंत ताटल्या होतील."

भावोजींनीही पाहिलं. लाल बोया दिसला. काळा खडक काही केल्या दिसेना.

"माझे डोळे गेले, वहिनी."

"डोळे शाबूत आहेत तुमचे. देवाचे आभार माना." वहिनींनी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि खिडकीपासून भरतीच्या रेषेपर्यंतची उंची मोजायला त्या बाहेर गेल्या.

*

रविवारी सकाळी त्याच स्वयंपाकघरात सगळे जमले. संशोधक दाराशी अवघडून उभे राहिले, मदतनीस टोपी चुरगाळत बसला.

"आजी, आधी तुमची क्षमा मागते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यापासून एक गोष्ट लपवली गेलीय." आणि त्यांनी आरोप सांगितला. आजींच्या हातातली सुरी थांबली.

"इथे सगळे खरं बोलले," वहिनी पुढे म्हणाल्या. "सात वर्षं मनोऱ्यावर कुणी चढलं नाही, हे खरं. बर्फाच्या तारखा सहा दिवसांनी सरकल्या, हेही खरं. आणि तरी त्या वह्यांत एक अक्षर खोटं नाही."

"ते कसं?" संशोधकांनी विचारलं.

"पन्नास मीटरच्या मनोऱ्यावरून पंचवीस किलोमीटर समुद्र दिसतो. या खिडकीतून, आठ मीटरवरून, जेमतेम दहा. म्हणून त्या वर्षांत काळा खडक नाही, लाल बोया आहे. बर्फ दुरून किनाऱ्याकडे येतो. पंचविसावरचा दहावर यायला सहा दिवस लागतात. परतताना दहाच्या पलीकडे तो सहा दिवस आधीच दिसेनासा होतो. थापा मारणारा माणूस जुन्या तारखा थोड्या फिरवून लिहितो, भावोजी. काळा खडक लिहायचं कधी विसरत नाही."

"मग ते इथे खिडकीशी येऊन बसायचे?" भावोजींनी विचारलं.

"बसायचे नाहीत, निजायचे. छताकडे तोंड करून लिहायला गेलं की टाकातली शाई उतरत नाही, पेन्सिल चालते. बिनगादीच्या फळ्यांवर डॉक्टर कुणाला निजवतात? पाठीचा कणा दुखावलेल्याला. भर उन्हाळ्यात जाड कोट, कारण आत कंबरपट्टा. तो रुबाब नव्हता, बाळ."

लेकीने वहीतला फोटो काढून पुन्हा पाहिला.

"आणि निजलेल्याला समुद्र दिसत नाही," वहिनी म्हणाल्या. "लिहिणारा एक होता, पाहणारं दुसरंच कुणीतरी. रोज दूध तापवणारं, ताटं मांडणारं. सायीला साय म्हणणारं."

सगळ्यांच्या माना आजींकडे वळल्या.

"मनोऱ्याच्या जिन्यातच पडले," आजी सावकाश म्हणाल्या. "खात्याला कळलं असतं तर नोकरी गेली असती, हे घर गेलं असतं. बटण मी दाबायचे. मनोऱ्यावरही गेले असते, पण कूस बदलायला त्यांना माझा हात लागायचा. अर्धा तास एकटं कसं टाकू? म्हणून खिडकीतून. नेम चुकवला नाही. लपवलं ती चूक माझी. दंड मला लावा."

"आणि माझं लग्न?" लेकीचा आवाज फुटला.

"नोंद चुकेल एवढंच लिहायला त्यांना पंधरा दिवस लागले, बाई. बोटीत चढवणार कोण त्यांना? तू धावत आली असतीस, नोकरी सोडून. ते त्यांना नको होतं. म्हणून उन्हाळ्यात तू यायचीस तेवढे दिवस मी पट्टा बांधून त्यांना खुर्चीत बसवायचे."

मदतनीस खाली मान घालून म्हणाला, "मला नुसती हाक मारली असती तरी मी वर चढलो असतो हो."

संशोधक पुढे आले. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी उभ्यानेच लिहिलं आणि वाचून दाखवलं: "शेवटची सात वर्षं निरीक्षण खिडकीतून, उंची आठ मीटर. निरीक्षक, राखणदारांची पत्नी. नोंदी विश्वासार्ह." मग म्हणाले, "या हिवाळ्यात वरून आणि खालून एकदमच पाहू, म्हणजे फरक नेमका बसवता येईल. एकेचाळीसही वर्षं राहतील, आजी. दंड कसला लावताय? आम्ही तुमच्या ऋणात आहोत."

"माझ्या कसल्या? मीच त्यांच्या ऋणात." आजींनी पलंगाच्या फळीवरून हात फिरवला. "बायकांना लोक विचारतात, काय केलंस, काय राहिलं. ते मात्र सात वर्षं रोज दुपारी मला विचारायचे, 'काय दिसतं?' आणि मी सांगेन ते जसंच्या तसं लिहून घ्यायचे. इतका मान कुणाच्या वाट्याला येतो?"

भावोजींना काहीतरी चांगलंसं बोलायचं होतं. पण ते उगीच शेगडीपाशी जाऊन कोळसे सारू लागले.

लेकीने स्टूल ओढलं आणि ती आईला खेटून खिडकीशी बसली. "उद्यापासून वर मी चढते, खालून तू बघ. मला शिकव आई. साय कुठली, ताटल्या कुठल्या?"

"आधी तोंड धुऊन ये," आजी म्हणाल्या. "रडक्या डोळ्यांना सगळं पाणीच दिसतं."